कागदाची गदा

मार्गशीर्ष-पौषाच्या सुमारास, सहामाही परीक्षेचा निकाल लागून गेलेला असतो आणि वार्षिक परीक्षेची धास्ती अद्याप दूर असते अशा बेताच्या दिवसांत, महाराष्ट्रातील बहुतेक शाळांतून स्नेहसंमेलनाची धामधूम सुरू होते, आणि त्या धामधुमीचा एक हिस्सा विद्यार्थ्यांच्या घरी येऊन पडतो. मुलाला मारुतीची किंवा भीमाची भूमिका मिळाली आहे, पोशाखाची तजवीज पालकांनी करावयाची आहे, असा निरोप येतो. शेला, धोतर, मण्यांच्या माळा इत्यादी जिन्नस घरातल्या पेटीतून निघतात किंवा शेजारून उसने मिळतात. मुकुट पुठ्ठ्याचा कापता येतो. शेपटीसाठी दोरीवर जुने कापड गुंडाळले की काम भागते. परंतु गदेपाशी येऊन सगळ्यांची मती कुंठित होते. बाजारात मिळणारी प्लास्टिकची गदा बहुधा खेळण्याच्या मापाची असते, आणि सुताराकडून लाकडाची करवून घ्यावी तर ती ज्याच्यासाठी केली त्यालाच उचलत नाही. सबब, जुनी वर्तमानपत्रे, मैदा, पुठ्ठा आणि रंग एवढ्या सरंजामावर घरच्या घरी गदा कशी सिद्ध करावी, आणि ती तशीच का करावी, याचा विचार येथे जरा विस्ताराने करण्याचे योजिले आहे.

रंगभूमीवरचे आयुध खरे नसावे, हा दंडक आजकालच्या काटकसरीतून निघालेला नाही. सुमारे दोन हजार वर्षांमागील भरताच्या नाट्यशास्त्रात आहार्याभिनयाला, म्हणजे वेष, अलंकार, अंगलेपन आणि रंगमंचावरील कृत्रिम वस्तू या सर्वांना मिळून, एक स्वतंत्र अध्याय दिलेला आहे. आणि त्या अध्यायात ग्रंथकाराने शस्त्रास्त्रांची मापे वगैरे सांगून झाल्यावर, ही शस्त्रे लोखंडाची किंवा दगडाची करू नयेत, कारण ती जड होऊन नटाला शीण आणतात, असे निःसंदिग्धपणे बजावले आहे. लाकूड, चामडे, वस्त्र, लाख, वेळूच्या कामट्या यांतून वस्तूचा आभास निर्माण करावा, दागिन्यांना मेण, लाख व अभ्रकाचे पत्रे वापरावेत, असा त्याचा अभिप्राय आहे. भारी अलंकारांनी नट घामाघूम होतो, त्याला मूर्च्छाही येऊ शकते, असे कारणही तेथेच दिलेले आहे. याहून कौतुकाची गोष्ट म्हणजे नटाने डोक्यावर चढवावयाच्या कृत्रिम मस्तकाची जी कृती भरताने दिली आहे, ती आपल्या कागदकामाची पूर्वजच म्हणावी लागेल. कापडाला बेलफळाच्या गराचा चिकट लेप द्यावा, त्यात राख किंवा भाताचा कोंडा घालावा, कवच फार जाडही नको आणि फार पातळही नको, ते उन्हात किंवा विस्तवावर वाळवावे आणि मग तीक्ष्ण हत्याराने त्याला छिद्रे पाडावीत, असा एकंदर क्रम आहे. तंतूंचे पटल, त्यास बांधणारा चिकट पदार्थ आणि पोकळी भरून काढणारी पूड हे तीन घटक तेव्हा होते तेच आज आहेत. कागद तेवढा आपल्याकडे नंतर आला.

भरताच्या या आज्ञेचे मर्म थोड्या अंकगणिताने अधिक स्पष्ट होईल. आठ-नऊ वर्षांच्या मुलाच्या हाती शोभेल अशा गदेचा गोल २० सेंटिमीटर व्यासाचा धरला, तर त्याचे घनफळ सुमारे ४,२०० घनसेंटिमीटर भरते. तो गोल भरीव लोखंडाचा असता तर त्याचे वजन ३३ किलोग्रॅम झाले असते, म्हणजे धारण करणाऱ्या मुलाहून अधिक. बऱ्यापैकी टणक लाकडाचा भरीव गोल अडीच किलोग्रॅमच्या आसपास जाईल. पंचवीस किलो वजनाच्या मुलाने अडीच किलोचा गोळा दांड्याच्या टोकाशी धरून पंधरा मिनिटे वावरणे ही शिक्षाच आहे, कारण दांड्यामुळे तो भार मनगटावर कितीतरी पटींनी जाणवतो. आता हाच गोल वर्तमानपत्री कागदाच्या दहा थरांचा, आतून पोकळ, असा करावा. वर्तमानपत्राचा कागद दर चौरस मीटरला साधारण ४५ ग्रॅम वजनाचा असतो. गोलाचे पृष्ठफळ चौरस मीटरच्या आठव्या हिश्श्याएवढे. सबब दहा थरांना साठ-सत्तर ग्रॅम कागद पुरतो, आणि वाळलेल्या खळीचे वजन त्यात मिळवले तरी एकूण हिशेब शंभर-सव्वाशे ग्रॅमच्या पलीकडे जात नाही. दिसायला लोहगोल आणि तोलायला एखाद्या पातळ वहीएवढा, असा हा व्यवहार आहे.

परंतु एक मिलिमीटर जाडीचे कागदी कवच मुलांच्या धसमुसळेपणात टिकेल काय, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. तिचे उत्तर इतिहासाने दिलेले आहे. इंग्लंडातील बर्मिंगहॅम येथील हेन्री क्ले नावाच्या कारखानदाराने १७७२ मध्ये साच्यावर कागदाचे तावावर ताव चिकटवून, उष्णतेने वाळवून आणि तेल पाजून फळ्या तयार करण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले, आणि त्या फळ्या तबकांनाच नव्हे तर घोडागाड्यांच्या बांधणीलाही चालत असत. दुसऱ्या महायुद्धात तर इंग्लंडात तळ देऊन असलेल्या अमेरिकन लढाऊ विमानांना पोटाखाली टांगण्यासाठी जाड कागद आणि कृत्रिम डिंक यांच्या, १०८ गॅलन इंधन मावेल एवढ्या टाक्या करण्यात आल्या. त्यांत इंधन काही तासच टिकत असे, पण उड्डाणाच्या आरंभी भरून, रिकाम्या होताच आकाशातून टाकून द्यावयाच्या वस्तूस तेवढे आयुष्य पुरेसे होते. आपल्याकडे पश्चिम बंगालच्या पुरुलिया जिल्ह्यातील चरिदा गावचे कारागीर छाऊ नृत्याचे मुखवटे मातीच्या साच्यावर राख भुरभुरून, त्यावर कागदाचे आठ-दहा थर चढवून करतात; आणि ते मुखवटे चढवून नर्तक कोलांट्या घेतात व गुडघ्यांवर आदळतात. महाराष्ट्रातही जव्हार-मोखाड्याच्या बाजूस बोहाड्याच्या उत्सवात देवदानवांची जी सोंगे निघतात, त्यांचे मुखवटे लाकडाप्रमाणे कागदाच्या लगद्याचेही असतात. तेव्हा टिकाऊपणाचा प्रश्न निकालात निघाला असे समजून पुढे जावयास हरकत नाही.

गदा कोणत्या आकाराची करावी? येथे एक गंमत नमूद करण्याजोगी आहे. वाल्मीकीच्या सुंदरकांडातील हनुमान अशोकवनात झाडे उपटतो, प्रासादाचा खांब उचलतो, दरवाजाचा लोखंडी परिघ, म्हणजे अडसर, फिरवतो; गदा मात्र उचलत नाही. गदायुद्ध हा खरा विषय महाभारतातला, बलरामाच्या शिष्यांचा, भीम-दुर्योधनांचा. महाराष्ट्रातील पुष्कळ जुन्या मारुतींच्या हातीही गदा नाही. चपराक देण्यासाठी उगारलेला हात हीच त्यांची ओळख आहे. असे असले तरी शाळेच्या रंगमंचावर गदेवाचून आलेला मारुती प्रेक्षकांच्या गळी उतरावयाचा नाही, हेही तितकेच खरे, आणि नाट्यप्रयोगात प्रेक्षकांची समजूत हीच अखेरची अदालत असते. त्यांच्या मनातली गदा देवळांच्या भिंतींवरील चित्रांनी आणि महाराष्ट्र केसरीच्या खांद्यावर विसावणाऱ्या चांदीच्या गदेने ठरून गेलेली आहे : लाल भोपळ्यासारखा उभ्या कंगोऱ्यांचा, किंचित चपटा गोल, वर लहानसा कळस, खाली एक-दोन कडी, आणि मुठीपाशी किंचित फुगीर होणारा दांडा. मुलाच्या उंचीच्या निम्म्याहून थोडी अधिक एवढी एकूण लांबी ठेवली, की गदा खांद्यावर नीट बसते आणि जमिनीवर टेकून उभे राहता येते. सव्वा मीटर उंचीच्या मुलास सत्तर-पंचाहत्तर सेंटिमीटर पुरेत.

कारागिरीस हात घालण्यापूर्वी दृष्टीच्या मर्यादेचा विचार अवश्य करावा, कारण हौशी मंडळींचा निम्मा वेळ याच विचाराच्या अभावी फुकट जातो. निरोगी डोळ्याला एका अंशाच्या साठाव्या भागाहून लहान कोनातले दोन बिंदू वेगळे दिसत नाहीत. दहा मीटर अंतरावर हा कोन सुमारे तीन मिलिमीटरांचा होतो. याचा अर्थ असा की, सभागृहाच्या मधल्या रांगेतील प्रेक्षकाला गदेवरील तीन मिलिमीटरांहून बारीक नक्षी नक्षी म्हणून दिसतच नाही. तिचा एक करडा धूसरपणा होतो, आणि मागच्या रांगेत तर मर्यादा सहा मिलिमीटरांवर जाते. टिकल्या, मोती, बारीक वेलबुट्टी यांवर रात्री जागवणाऱ्या आयांचे श्रम आरशापुरते राहतात ते यामुळे. रंगमंचावरील वस्तूची रेषा बोटाएवढी रुंद असावी, उंचसखलपणा ठसठशीत असावा, आणि बाह्याकृती दुरून एका दृष्टिक्षेपात ओळखू यावी.

आता खळीकडे वळू. एक वाटी मैदा दीड वाटी थंड पाण्यात गुठळी न राहील असा कालवावा. दुसऱ्या पातेल्यात चार वाट्या पाणी उकळून त्यात हे मिश्रण धारेने ओतीत सतत ढवळीत राहावे, आणि पांढरा अपारदर्शक रंग जाऊन पळीवाढी, काहीशी पारदर्शक खळ झाली की पातेले उतरवावे. थंड पाण्यात आधी कालवण्याचा हा शिरस्ता का, तर पिठातील स्टार्चचे कण साठ अंशांच्या आसपास पाणी शोषून फुगतात व फुटतात. कोरडे पीठ एकदम उकळत्या पाण्यात पडले तर प्रत्येक गोळ्याचे बाह्य कवच तत्क्षणी चिकट होऊन आतील पिठापर्यंत पाणी पोहोचत नाही, आणि गुठळ्या राहतात. कण फुटले की त्यांतील लांबच लांब साखळ्यांचे रेणू मोकळे होऊन पाण्यात पसरतात. कागदाचे तंतू सेल्युलोजचे, आणि सेल्युलोज व स्टार्च हे दोन्ही पदार्थ ग्लुकोजच्याच कड्यांनी गुंफलेले, त्यामुळे पाणी उडून जाताच त्यांच्यामध्ये अगणित सूक्ष्म बंध जुळतात. वाळलेला थर पुन्हा सोलून काढू गेल्यास सांधा सुटण्याऐवजी कागदच फाटतो, तो या सजातीयत्वामुळे.

जुने पुस्तकबांधणीवाले खळीत मोरचूद घालीत, म्हणजे तिला कसर लागत नसे व बुरशी धरत नसे. मोरचूद विषारी आहे, आणि जेथे मुलांचे हात पातेल्यात जाणार तेथे त्याला मज्जाव करणेच शहाणपणाचे. लवंगेच्या तेलाचे चार थेंब घालावेत, आणि खळ थोडी-थोडी व ताजी करावी. ओडिशातील पटचित्रकार कापडाला चिंचोक्याची खळ देतात, आपल्याकडचे घोंगडी विणणारेही तीच वापरतात, आणि ती गव्हाच्या खळीहून चिवट असते. परंतु चिंचोके भिजवून, वाटून, शिजवण्याची उस्तवार शहरी घरांना झेपणारी नाही. बाजारातील पांढरा फेव्हिकॉल सम प्रमाणात पाणी घालून वापरला तर काम लवकर होते आणि बुरशीचे भय राहत नाही. खर्च मात्र वाढतो. माझे मत विचाराल तर पहिले आठ थर खळीचे आणि शेवटचे दोन फेव्हिकॉलचे, ही तडजोड सर्वांत किफायतशीर.

गोलाचा साचा म्हणून पूर्वी मडके घेत. त्यावर कोऱ्या पाण्याने भिजवलेल्या कागदाचा पहिला थर देऊन पुढचे थर खळीचे देत, आणि वाळल्यावर सुरीने कवचाचे दोन अर्ध करून सोडवून घेत. १४९२ सालचा, न्यूरेंबर्ग येथे जतन करून ठेवलेला मार्टिन बेहाइम याचा पृथ्वीगोल, जो आज अस्तित्वात असलेल्या पृथ्वीगोलांत सर्वांत जुना होय, तोही कापडाचे थर चिकटवून केलेल्या दोन अर्धगोलांचाच आहे. आता फुगा सहज मिळतो, त्यामुळे कापाकापी वाचते. फुगा २० सेंटिमीटरांपर्यंत फुगवून त्याचे तोंड घट्ट बांधावे, आणि मग त्याच्या एका ध्रुवापासून दुसऱ्या ध्रुवापर्यंत सुती दोऱ्याचे चार वेढे सारख्या अंतरावर घेऊन ते थोडे आवळावेत. दोरा जेथे रुततो तेथे खाच पडते, मधला भाग फुगून येतो, आणि एकही कंगोरा हाताने न घडवता आठ कंगोऱ्यांचा गोल आयता सिद्ध होतो. फुग्याचा निमुळतेपणाही या आवळण्याने बराचसा मोडतो. ही युक्ती ज्याला ठाऊक नाही तो साध्या गोलावर लगद्याचे कंगोरे थापीत बसतो, वजन वाढवतो, आणि शेवटी आठांपैकी दोन कंगोरे वाकडे होतात.

कागद कात्रीने कापू नये, हाताने फाडावा. कापलेली कड सरळ व टणक राहून थराखाली तिचा उंचवटा उमटतो. फाडलेल्या कडेला तंतूंची झालर सुटते, ती शेजारच्या पट्टीत मुरून जाते आणि सांधा दिसेनासा होतो. पट्ट्या दोन-अडीच सेंटिमीटर रुंद व बोटभर लांब असाव्यात. सपाट कागद गोल पृष्ठावर सुरकुती न पाडता बसवणे भूमितीच्या नियमानेच अशक्य आहे, आणि म्हणून पृथ्वीचे गोल करणारे नकाशाकार १५०७ सालच्या वाल्डझेमुलरपासून छापील नकाशाचे बारा निमुळत्या फाका करून त्या गोलावर डकवीत आले. पट्टी जितकी अरुंद तितकी सुरकुती कमी, एवढे तत्त्व त्यातून आपण उचलावे. वर्तमानपत्र एका दिशेने सरळ फाटते आणि दुसऱ्या दिशेने वेडेवाकडे, हे सर्वांनी पाहिलेले असते. गिरणीत कागद तयार होताना बहुतेक तंतू एकाच दिशेला निजतात म्हणून असे होते. एक थर उभ्या पट्ट्यांचा आणि त्यावरचा आडव्या पट्ट्यांचा, असा आलटून-पालटून क्रम ठेवला म्हणजे तंतूंची ही दिशाही बदलत जाते, आणि कवच सर्व बाजूंनी सारखे बळकट होते. एक थर मराठी वर्तमानपत्राचा व पुढचा रंगीत पुरवणीचा घ्यावा. कोणता भाग झाकला गेला आणि कोणता राहिला, याचा घोटाळा त्यामुळे होत नाही. पट्टी खळीत बुडवल्यावर दोन बोटांतून निपटून घ्यावी. अधिक खळ म्हणजे अधिक बळकटी, ही समजूत चुकीची असून, अधिक खळ म्हणजे फक्त अधिक ओल आणि अधिक वाट पाहणे.

वाळवण्याच्या बाबतीत घाई नडते. एका दिवशी तीनच थर द्यावेत, गोल दोरीने वाऱ्याच्या जागी, पण सावलीत टांगावा. कडक उन्हात वरचा थर आधी आकसून कडक होतो, आतली ओल कोंडते, आणि आठवड्याने गदेला कुबट वास येऊ लागतो. फुग्याची म्हणून आणखी एक अडचण आहे. आपल्याकडे हिवाळ्यात दुपार आणि पहाट यांच्या तपमानात पंधरा अंशांचे अंतर सहज पडते. तेवढ्या फरकाने आतील हवेचे आकारमान वीस भागांत एक भाग कमी होते, म्हणजे २० सेंटिमीटर व्यासाच्या फुग्याचा व्यास तीन मिलिमीटरांनी घटतो, शिवाय रबरातून हवा हळूहळू झिरपत असतेच. ओले थर रात्री साच्यापासून सुटतात व सकाळी गोलाला खळगे पडलेले दिसतात, त्याचे कारण हे. त्यावर तोड एवढीच की पहिले तीन थर सकाळी लवकर द्यावेत, म्हणजे संध्याकाळपर्यंत ते स्वतःच्या पायावर उभे राहण्याइतके वाळतात. त्यानंतर फुगा असो वा नसो, कवचाला त्याची गरज राहत नाही. पावसाळ्यात हे काम काढूच नये.

दांड्यासाठी कापडाच्या दुकानात ताग्याच्या आत येणारी पुठ्ठ्याची नळी मागून घ्यावी. दुकानदार बहुधा फुकट देतो. नळी पोकळ असूनही वाकत नाही, कारण वाकण्यास विरोध करण्याचे काम मध्यावरचे नव्हे तर कडेचे द्रव्य करीत असते. नळी न मिळाल्यास वर्तमानपत्रांची घट्ट सुरळी करून तिच्यावर खळीच्या पट्ट्या तिरप्या गुंडाळाव्यात. घरगुती गदांचा सर्वांत दुबळा भाग कोणता, तर दांडा आणि गोल यांचा सांधा. आणि याचे कारण दांडा गोलाला केवळ खालून चिकटवलेला असतो. तसे न करता, गोलाच्या दोन्ही ध्रुवांना छिद्रे पाडून, फुगा काढून टाकून, दांडा आरपार न्यावा आणि वरच्या छिद्रातून दोन बोटे बाहेर काढावा. आता गोलाचा भार दोन ठिकाणी पेलला जातो, आणि गदा कोठे आपटली तरी धक्का एकाच सांध्यावर एकवटत नाही. छिद्रे पाडताना पूर्ण वर्तुळ कापून टाकण्याऐवजी ताऱ्यासारखे चिरे द्यावेत. सुटलेल्या पाकळ्या दांड्यावर दुमडून चिकटवाव्यात व त्यांवर पट्ट्यांचे दोन-तीन वेढे द्यावेत. वर आलेल्या टोकावर लगद्याचा कळस बसतो, आणि खालचा सांधा पुठ्ठ्याच्या गोल चकत्या दांड्यात ओवून झाकता येतो. त्याच चकत्या गदेची कडी म्हणून शोभतात.

लगद्याची कृती थोडक्यात सांगावयाची तर कागदाचे कपटे रात्रभर भिजत घालून, उकळून, कुटून, पिळून त्यांत खळ व खडूची पूड मिसळावी. सगळी गदा लगद्याची करण्याचा मोह काहींना होतो. तो आवरावा, कारण लगदा जड असतो व वाळताना तडकतो. कळस, मुठीचा फुगवटा आणि दोन कंगोऱ्यांमधील एखादा खड्डा, एवढ्यापुरताच त्याचा उपयोग.

रंगाआधी खडूची पूड फेव्हिकॉलच्या पाण्यात कालवून तिचे दोन पातळ हात द्यावेत, आणि वाळल्यावर बारीक पॉलिश कागदाने घासावे. वर्तमानपत्रातील मथळे गदेवर वाचता येऊ नयेत हा एक हेतू. दुसरा, अधिक महत्त्वाचा हेतू असा की, उघडा कागद रंग पिऊन टाकतो. सोनेरी रंग थेट पांढऱ्यावर दिला तर तो फिका व पुठ्ठ्याचा वाटतो. आधी पिवळ्या मातीच्या रंगाचा एक हात द्यावा, त्यात चिमूटभर गेरू घालावा, आणि मगच सोनेरी रंग द्यावा. जुन्या चित्रशाळांतून चालणारा हरताळ सोमलाचे संयुग असल्याने मुलांच्या वस्तूस सर्वथा वर्ज्य. यानंतर जे करावयाचे ते नवख्याला उफराटे वाटते : नुकत्याच सोनेरी केलेल्या गदेच्या सर्व खाचांतून पातळ तपकिरी रंग फिरवावा, आणि कंगोऱ्यांच्या उंच माथ्यांवर कोरड्या कुंचल्याने पिवळसर पांढरा रंग हलकेच ओढावा. डोळा सोने ओळखतो तो त्याच्या पिवळेपणावरून नव्हे, तर अगदी गडद छाया आणि अगदी तेजस्वी चमक यांच्या सान्निध्यावरून. एकसारख्या सोनेरी रंगाची गदा विजेच्या प्रखर झोतात सपाट दिसते; खाचा काळवंडल्या की तोच गोल भरीव होतो. कळसावर आणि कड्यांवर बेगड लावावा. बाशिंगे आणि मखरे सजवणाऱ्या आपल्या कारागिरांनी बेगडाची निवड उगाच केलेली नाही. रंग प्रकाश विखरून टाकतो, बेगड तो एका दिशेने परावर्तित करतो, आणि गदा हलताच प्रेक्षकांच्या डोळ्यांत तिरीप जाते. संबंध गदेला मात्र बेगड लावू नये. लग्नघरातली शोभा रणांगणात शोभत नाही.

मुठीवर लाल कापडाची पट्टी घट्ट गुंडाळावी, म्हणजे घामेजलेल्या हातातून दांडा निसटत नाही. दांड्याच्या खालच्या टोकाला चिंध्यांची बोंडी बसवून तिच्यावर कापड शिवावे. नळीची उघडी कड डोळ्याला लागण्याजोगी धारदार असते, आणि रंगमंचामागील अंधारात मारुती, रावण व वानरसेना एकाच दाराने धावत असतात.

येथवर वस्तू झाली. तिचे वजन अद्याप व्हावयाचे आहे, आणि ते मुलाने करावयाचे आहे. दीडपाव वजनाची गदा जर मारुतीने एका बोटावर फिरवली किंवा छत्रीप्रमाणे काखेत मारली, तर इतका वेळ केलेला रंग आणि लेप व्यर्थ गेला. जड वस्तू चटकन हलू लागत नाही आणि हलू लागल्यावर चटकन थांबत नाही, हा जडत्वाचा नियम त्याला समजावून द्यावा, आणि पाण्याने भरलेली बादली त्याच्याकडून एकदा उचलून घ्यावी. उचलताना पाय कसे फाकतात, कंबर विरुद्ध बाजूला कशी झुकते, श्वास कसा रोखला जातो, हे त्याचे शरीर आपोआप शिकते. तेच हावभाव मग कागदाच्या गदेबरोबर करावयाचे. गदा जमिनीवर टेकण्याच्या क्षणी पडद्याआडून ढोलाची एक थाप पडेल अशी व्यवस्था वादकाशी बोलून करावी. ती थाप अर्धा क्षण उशिरा पडली तर हशा पिकतो, म्हणून तिची तालीम संवादांइतकीच कसोशीने व्हावी. कोकणातील दशावतारी नट रात्रभर उभे राहून, जेमतेम साधनांवर, दैत्य आणि देव उभे करतात ते अशा हिशेबी देहबोलीच्या आणि मृदंग-झांजेच्या बळावर. त्यांच्या पेटाऱ्यातून लोखंड निघत नाही.

प्रयोग संपल्यावर गदा जमिनीवर उभी करून ठेवू नये, फडताळावर आडवी ठेवावी व तिच्याजवळ डांबराच्या दोन गोळ्या टाकाव्यात. खळीतील पीठ झुरळांना आणि कसरीला प्रिय असते. अशा रीतीने ठेवलेली गदा धाकट्या भावंडाच्या संमेलनालाही उपयोगी पडते, दांडा तेवढा बदलावा लागतो. शाळांच्या चालकांना मात्र एक विनंती करावीशी वाटते. भूमिकांची वाटणी करून पोशाखाचा निरोप घरी धाडण्याचे काम संमेलनाच्या आदल्या आठवड्यावर ढकलण्याचा जो दस्तूर पुष्कळ ठिकाणी पडून गेला आहे, तो त्यांनी मोडावा, आणि पालकांना निदान पंधरा दिवसांची मुदत द्यावी. कारण दहा थर चढून वाळावयास चार-पाच दिवस, सांधा, लगदा व लेप यांस तितकेच, आणि रंगास दोन दिवस, असे दहा-बारा दिवस या कामास लागतातच, व ते कितीही माणसे हाताशी घेतली तरी कमी करता येत नाहीत.